लाल पाकिटातला सूर

४ फेब्रुवारी

वहिनी,

काल सुखरूप पोचले. भिंतींचा रंग वाळलाय, पण रंगाऱ्याने खिडक्यांच्या काचाही रंगवून ठेवल्यात, त्या खरवडत बसलेय. तुझ्याकडे आठवडाभर राहिले, तू मला इकडची काडी तिकडे करू दिली नाहीस. त्याबद्दल आभार. ते मानून झाले, आता मुद्द्यावर येते. तुमच्या घरात चोरी होते आहे.

घाबरू नकोस, आणि हे पत्र धाकट्याला दाखवू नकोस. फोन केला असता, पण तुमचा फोन हॉलमध्ये आणि माझा हा धाकटा भाऊ त्याच्या शेजारच्या खुर्चीत. सगळं त्याच्या कानावर गेलं असतं. शिवाय टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हयात घालवल्यावर मला आता त्या यंत्राकडे बघवतही नाही.

तुम्ही दोघं दाताच्या डॉक्टरकडे गेला होतात, त्या दुपारी मी त्याच्या रेकॉर्डच्या कपाटापाशी गेले. कशाला गेले ते विचारू नकोस. तुला ठाऊक आहे, लग्नाआधी धाकटा माझ्याकडे राहायचा, आणि तेव्हापासून त्याला त्या जॅझचं वेड. लोक ज्यावर नाचतात ते जॅझ नव्हे. जे सुरू झालं की लोक उठून जातात, ते. त्याने पहिल्यांदा मागवलेली रेकॉर्ड लाल पाकिटातली, वर तीन पायांच्या खुर्चीचं चित्र. मी ड्यूटीवरून दमून यावं, पाय जरा वर घ्यावेत, की ती सुरू. इतक्या वेळा ऐकावी लागली की मला ती तोंडपाठ आहे.

आधी सॅक्सोफोनचा एकच लांबलचक सूर. आमच्या एक्स्चेंजच्या डायल टोनचा जो सूर होता, अगदी तोच, केसभरही फरक नाही. मी दर वेळी खुर्चीतून अर्धी उठायचे. वाटायचं, कुणीतरी रिसीव्हर उचलून तसाच धरून बसलंय. मग ड्रमवाला येतो. येतो म्हणजे चमच्या-काट्यांचा खण हातात घेऊन जिन्यावरून घसरतो. मधल्या पायरीवर थांबतो, विचार करतो, आणि पुन्हा घसरतो. मग तो भलामोठा बास, म्हाताऱ्या माणसाने खाटेवर कूस बदलावी तसा करकरतो. सॅक्सोफोन आपला त्याच सुरावर उभा. बाकावर उभं केलेल्या हट्टी मुलीसारखा. पाय दुखतात, पण रडणार नाही. शेवटी रडतो. आणि ते रडणं ही त्या अख्ख्या बाजूवरची एकमेव शहाणपणाची गोष्ट.

तर मी ती लावली, आणि सूर उतरलेला! चांगला अर्ध्या स्वराने खाली. कॉन्व्हेंटात पियानो शिकवणाऱ्या सिस्टरने माझ्या बोटांवर लाकडी पट्टी हाणून हाणून माझा कान घडवलाय, तो चुकणार नाही. ही ती रेकॉर्ड नव्हे. कुणीतरी तिची भिकार नक्कल काढून पाकिटात सारली आहे.

मग शेजारची पाकिटं उघडली. पहिल्यात टायपिंगच्या धड्यांची रेकॉर्ड. दुसऱ्यात पोलीस बँडची कवायत. तिसऱ्यात तर लहान मुलांना दात घासायला शिकवणारं गाणं! बाहेर मात्र धाकट्याने जिवापाड जपलेली पाकिटं जशीच्या तशी, प्लॅस्टिकच्या आवरणात.

आता तूच सांग, दर रविवारी तुमच्याकडे सपाट पिशवी घेऊन कोण येतं? आणि जाताना ती पिशवी कोण छातीशी धरून जिना उतरतं? मला तो चष्मेवाला पहिल्या दिवसापासून पसंत नाही. बोलताना तो समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत नाही, चष्म्याच्या काडीकडे बघतो.

तुझी वन्सं

११ फेब्रुवारी

वन्सं, नमस्कार.

तुमचं पत्र दार लावून वाचलं. पत्र मी पिठाच्या डब्यामागे ठेवलंय, तिकडे हे कधी जात नाहीत.

पण वन्सं, चष्मेवाले भाऊजी तसे वाटत नाहीत हो. त्यांचं चष्म्यांचं दुकान नाक्यावर आहे, सगळे त्यांना ओळखतात. या गावात असलं संगीत ऐकणारे हे दोघंच. रविवारी दुपारी येतात, दोघं समोरासमोर बसतात. त्यांचा नियमच आहे, एक बाजू पूर्ण होईपर्यंत बोलायचं नाही आणि सुई मध्येच उचलायची नाही. मी एकदा चहा घेऊन मध्ये गेले तर हे माझ्याकडे असे बघायला लागले, जसा काही मी चहा त्यांच्या डोक्यावरच ओतला. तेव्हापासून मी स्वयंपाकघरातच बसते. मला ते संगीत काय कळतंय? तुम्ही टायपिंगचं म्हणालात. खरं सांगू, ते लावलं असतं तरी मला फरक समजला नसता.

मात्र एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. मागच्या महिन्यात एका रविवारी आतून नुसते पक्षी ओरडत होते. मैना, घुबड, आणि प्रत्येक पक्ष्याचं नाव सांगणारा एक माणूस. मी म्हटलं, हाही नवीन प्रकार असेल. दारातून डोकावले तर हे डोळे मिटून मान डोलावत होते. भाऊजी हात धुवायला गेले होते. ते ओल्या हातानेच धावत आले आणि त्यांनी सुई मध्येच उचलली. मला बघून त्यांचा चेहरा एकदम पांढरा पडला. हे मात्र काहीच म्हणाले नाहीत. नियम मोडला तरी नाहीत.

यांचं हल्ली असंच आहे. ऑफिसातून येतात, नळांच्या आणि गटारांच्या नकाशांत डोकं घालून बसतात. मी काही विचारलं तर "हं" म्हणतात. त्या "हं"चा अर्थ हो की नाही ते मी तोंडाकडे बघून ठरवते. त्यांना माझा कंटाळा आलाय की काय, कोण जाणे. जाऊ दे. हे तुम्हाला लिहायला नको होतं.

तुमची,
वहिनी

१५ फेब्रुवारी

वहिनी,

तुझा भोळेपणा पाहून मला कधीकधी रागही येत नाही, नुसती दमते.

नीट विचार कर. ज्या माणसांनी सुई मध्ये उचलायची नाही असा नियम केला, त्यांच्यातलाच एक ओल्या हाताने धावत येऊन सुई उचलतो. का? कारण पाकिटातून निघायला नको ती रेकॉर्ड निघाली. चोरी उघडी पडत होती! आणि माझा भाऊ डोळे मिटून मान डोलावत होता, कारण तो चष्मेवाला काय वाजवेल ते थोरच असणार, अशी त्याची समजूत. त्याने त्याला पार गुंडाळलंय.

या रेकॉर्ड काही दुकानात मिळत नाहीत. धाकटाच सांगायचा, असले वादक स्वतःच शे-दोनशे प्रती काढतात, आणि संपल्या की संपल्या. जगभरचे वेडे त्यांच्यासाठी टपून बसलेले असतात. तो माणूस माझ्या भावाचं अर्धं आयुष्य पिशवीतून घेऊन चाललाय, आणि तू त्याला चहा देतेस.

येत्या रविवारी त्याला दारातूनच परत पाठव. धाकट्याला सांगायची गरज नाही. वाद घालायला लागला तर माझं नाव सांग.

वन्सं

ता. क. माझ्या भावाला तुझा कंटाळा आलेला नाही. त्याला कुणाचा कंटाळा आला की तो जास्त बोलतो. मला माहीत आहे, तो माझ्याशी फार बोलायचा.

२४ फेब्रुवारी

वन्सं,

तुम्ही सांगितलंत तसं केलं. भाऊजी आले, पिशवी होतीच. मी दार अर्धंच उघडलं आणि म्हटलं, "आता तुम्ही येऊ नका. का ते तुम्हाला माहीत आहे." मला वाटलं ओरडतील, निदान का म्हणून तरी विचारतील. ते नुसतं "बरं" म्हणाले. मग म्हणाले, "त्यांचा चष्मा तेवढा द्या, काडी बदलून झालीय," आणि पिशवीतून डबी काढून माझ्या हातात ठेवली. जिना उतरताना एकदा थांबले. मी दार लावून घेतलं.

वन्सं, मला फार वाईट वाटलं. हे आतल्या खोलीत खुर्ची मांडून वाट बघत बसले होते. समोरची रिकामी खुर्चीही मांडली होती. मी म्हटलं, "आज ते येणार नाहीत." यांनी माझ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि खुर्ची उचलून भिंतीला लावली. एका शब्दाने विचारलं नाही.

हे मला पटत नाही. जिवलग मित्र येत नाही म्हटल्यावर माणूस का म्हणून तरी विचारेल ना? यांना काहीतरी माहीत आहे.

वहिनी

२७ फेब्रुवारी

चष्मेवाले यांस,

मी तुमच्या मित्राची मोठी बहीण. आपण एकदा भेटलो आहोत. तुम्ही माझ्या चष्म्याला नावं ठेवली होतीत.

माझ्या भावाच्या कपाटातल्या पाकिटांत भंगारातल्या रेकॉर्ड भरलेल्या आहेत. आतल्या मूळ रेकॉर्ड कुठे आहेत, ते तुम्हाला माहीत आहे असा माझा समज आहे, आणि माझे समज सहसा खोटे ठरत नाहीत. माझ्या भावजयीने तुम्हाला दारातून परत पाठवलं तेव्हा तुम्ही भांडला नाहीत. निर्दोष माणूस भांडतो. मी तर दोष असतानाही भांडते.

पुढचं पत्र पोलिसांना जाईल. त्याआधी काही सांगायचं असेल तर सांगा, आणि खोटं लिहायचं असेल तर निदान शुद्ध लिहा.

३ मार्च

आदरणीय बाई,

रेकॉर्ड माझ्याकडे आहेत हे खरं. दुकानाच्या मागच्या खोलीत, उन्हापासून लांब, उभ्या ठेवलेल्या आहेत. त्यांवर ओरखडाही नाही. पाकिटांतला भंगार माल मीच आणून भरला, हेही खरं. दात घासायच्या गाण्याबद्दल माफी असावी. वजन जुळत होतं म्हणून घेतलं.

एवढं सोडलं तर मी चोर नाही. याहून जास्त बोलायचं नाही असं मी शब्द देऊन बसलो आहे, तेव्हा पोलिसांनी विचारलं तरी बोलणार नाही. लाल पाकिटातली मात्र अजून तुमच्या भावाकडेच आहे आणि ती अस्सल आहे. ती त्यांनी मला दिली नाही.

तुमच्या चष्म्याला मी नावं ठेवली नव्हती. डावी काडी सैल आहे, एवढंच म्हणालो होतो. अजूनही असेल.

आपला,
चष्मेवाला

१२ मार्च

वन्सं,

तुम्ही त्यांचं पत्र पाठवलंत ते चारदा वाचलं. शब्द दिला म्हणजे कुणाला? मला तर वाटायला लागलंय की हे दोघं मिळून माझ्यापासूनच काहीतरी लपवतायत.

आणि आता दुसरंच सुरू झालंय, ते लिहायलाही भीती वाटते. परवा रविवारी हे एकटेच आत बसले. मी स्वयंपाकघरात होते. बराच वेळ काही आवाज येईना, म्हणून गेले. रेकॉर्ड फिरत होती, तीच लाल पाकिटातली. सुई तिच्यावर टेकलेली होती. पण आवाज नाही. मग लक्षात आलं, सकाळी झाडताना मीच स्पीकरच्या त्या काळ्या डब्याची पिन काढली होती. ती तशीच जमिनीवर पडलेली. आणि हे त्या बंद डब्यासमोर बसून सुईकडे टक लावून बघत होते. बोट गुडघ्यावर ठोकत होते. मध्येच थांबत, मग परत ठोकत. एके जागी त्यांचे डोळे भरून आले.

मी तशीच बाहेर आले. पूर्वी हे म्हणायचे की या संगीतात न वाजवणंही वाजवण्यासारखंच धरतात. पण म्हणून संपूर्ण रेकॉर्डच? वन्सं, यांच्या डोक्यावर परिणाम तर झाला नसेल? तुम्ही मोठ्या आहात, काय करू ते सांगा. मित्र तुटल्यामुळे तर हे झालं नाही ना? तसं असेल तर ते पाप माझं आहे.

वहिनी

१५ मार्च

वहिनी,

एक काम कर. तो पाठमोरा बसलेला असेल तेव्हा त्याच्या मागे जा, आणि पातेल्याचं मोठं झाकण फरशीवर टाक. मग काय होतं ते लगेच कळव.

तुला वाटेल म्हातारी वेडी झाली. नाही. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या लाइनी तपासल्या. एका टोकाचा माणूस बोलत राहतो आणि दुसऱ्या टोकाला काही पोचत नाही, तेव्हा तो कसा "हं, हं" करतो ते मला ओळखू यायला हवं होतं. रेकॉर्ड नकली नव्हती. तुमचं ते फिरणारं यंत्र हळू झालंय, म्हणून सूर उतरला. ज्या माणसाला पूर्वी सुईवरची धूळ ऐकू यायची, त्याला ते कळलं नाही. पक्षी ओरडत होते तेही कळलं नाही.

झाकण टाक. माझं चुकलेलं असलं तर बरं.

वन्सं

१८ मार्च

वन्सं,

टाकलं. वळले नाहीत.

शेजारचा कुत्रा भुंकायला लागला, वरच्या मजल्यावरच्या बाई "काय पडलं?" म्हणून ओरडल्या, आणि यांच्या हातातली पेन्सिलसुद्धा अडखळली नाही. निळी रेघ सरळ पुढे गेली. मग ते झाकण गोल गोल फिरत त्यांच्या पायाशी जाऊन आडवं झालं. तेव्हा त्यांनी खाली बघितलं. मग माझ्याकडे. मी मुद्दाम टाकलंय हे त्यांना तिथल्या तिथे समजलं. मी झाकण उचलायला वाकले तर त्यांनी माझा हात धरला, आणि बराच वेळ सोडला नाही.

वन्सं, मी खूप रडले. पण खरं सांगू? त्यातलं थोडं रडू बरं वाटल्याचं होतं. मला वाटत होतं, ते माझं ऐकत नाहीत.

वहिनी

२५ मार्च

ताई,

तू खवळली असशील. खालचा ओठ पुढे काढलेलं तुझं ते तोंड मला इथूनही दिसतंय. तरी आधी सगळं वाच, मग फाड.

याची सुरुवात झांजांपासून झाली. ड्रमवाल्याच्या त्या पितळी थाळ्या रेकॉर्डवरून गायब झाल्या. मला वाटलं, रेकॉर्ड झिजली. दुसरी प्रत शोधून मागवली. तिच्यातही नाहीत. मग वाटलं सुई गेली. सुई बदलली, वायरी बदलल्या, स्पीकर बदलले. मी सगळ्यांवर संशय घेतला, स्वतःच्या कानावर सोडून. तूही तेच केलंस म्हणा, घराण्याचाच गुण आहे. आणि या संगीताची गंमत अशी की त्यातून काही हरवलं तर चटकन कळत नाही. वाटतं, वादकानेच मुद्दाम जागा सोडली असेल. मी कितीतरी दिवस त्या जागांचं कौतुक करत होतो. चष्मेवाल्याला म्हणायचो, काय थांबलाय बघ! तो काही बोलायचा नाही. तो थांबलेलाच नव्हता.

मग त्याला कळलं, आणि त्याच्यामुळे मला. मी त्याच्याकडून शब्द घेतला. बहिऱ्याच्या कपाटात त्या रेकॉर्ड कोंडून ठेवणं मला बघवेना. म्हटलं, तू घेऊन जा, निदान कुणीतरी वाजवेल. पाकिटं रिकामी दिसली तर घरी प्रश्न येईल, म्हणून त्याने भंगार आणून भरलं. आणि रविवारी तो माझ्यासमोर बसून मला साथ द्यायचा. मी सुईकडे बघायचो. रेकॉर्डवर उजेड तिरपा पडला की नाद कुठे दाट आणि कुठे विरळ ते रेघांवर दिसतं. तेवढ्यावर मी मान डोलवायचो. त्या पक्ष्यांच्या दिवशी माझा चष्मा त्याच्याकडे दुरुस्तीला होता. जुन्या चष्म्यातून लेबल वाचता आलं नाही, भंगारातलीच रेकॉर्ड लावली आणि घुबडाला दाद देत बसलो.

लपवलं का, ते तुला सांगायला हवं. ताई, बाबांना ऐकू येईनासं झालं तेव्हा आपल्या घरात काय होतं ते तुला आठवतं? सगळे त्यांच्यावर ओरडायचे. ते चुकीचं उत्तर द्यायचे आणि आपण हसायचो. तुझा आवाज तर टेलिफोनवालीचा, गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. शेवटी शेवटी त्यांनी उत्तर द्यायचंच सोडलं. मला तसा म्हातारा व्हायचं नव्हतं.

तुझी सगळी पत्रं मी वाचली आहेत. पिठाच्या डब्यामागे मी जात नाही असं हिला वाटतं. ऐकू येत नसलं की माणूस घरातला कागदन् कागद वाचतो. तू चष्मेवाल्याला बंदी करायला लावलीस, ते मला माहीत होतं. मी एक वाक्य बोललो असतो तर ते थांबलं असतं. मी बोललो नाही. माझा मित्र माझ्या दारात चोर ठरला, आणि मी आत खुर्ची भिंतीला लावली. त्याच्या दुकानात जाऊन मी आता माफी मागून आलोय. त्याने पाटीवर लिहिलं, "बरं." त्याला दुसरा शब्दच येत नाही.

पण हे पत्र त्यासाठी नाही. तुझं चार फेब्रुवारीचं पत्र मी वाचलं, त्यात तू लाल पाकिटातल्या त्या बाजूची टिंगल केलीस. चमच्यांचा खण घेऊन जिन्यावरून घसरणारा ड्रमवाला. मधल्या पायरीवर थांबून विचार करणारा. ताई, मी स्वयंपाकघरात पीठ सांडलेल्या ओट्यापाशी उभा होतो, आणि मला तो ऐकू आला. थाळ्यांसकट. तो अगदी तसाच घसरतो! मग त्या रविवारी मी तुझं पत्र मनात धरून रेकॉर्ड लावून बसलो. पिन काढलेली होती म्हणे. मला काय फरक पडणार होता?

चष्मेवाला मला प्रत्येक रेकॉर्डबद्दल लिहून देतो, "अप्रतिम." ही लिहिते, "छान आहे." तू शिव्या देतेस, पण अचूक जागी देतेस. म्हणून एक मागणं आहे. माझं यंत्र, ढिला झालेला पट्टा बदलून, आणि ती लाल रेकॉर्ड तुझ्याकडे पाठवतोय. ऐक, आणि काय ऐकलंस ते मला लिही. आवडायची सक्ती नाही. उलट आवडलं नाही तरच बरं.

धाकटा

९ एप्रिल

धाकट्या,

तू मूर्ख आहेस. बाबांवर मी ओरडायचे, कारण बाबांनाही सांगायची लाज होती, आणि आम्हाला वाटायचं ते मुद्दाम करतात. तुम्ही पुरुष कान गेले तरी चालेल, पण तोंड उघडायचं नाही असं कुठे शिकून येता? बायकोला वर्षभर वाटत राहिलं की तुला तिचा वीट आलाय. तिच्यासमोर बसून तिच्या तोंडाकडे बघून बोलत जा, आणि कानांचा डॉक्टर गाठ. यंत्र मिळतं म्हणे कानात घालायचं. मी आले की ओरडणार नाही. मी लिहीन. माझं लिहिलेलं ओरडण्यापेक्षा जास्त लागतं, असं आता सिद्ध झालंच आहे.

चष्मेवाला शनिवारी आला. तुझं यंत्र पोटाशी धरून तीन जिने चढून आला, मध्ये कुठे टेकलाही नाही. मी त्याला आत घेतलं, कॉफी दिली. माफी मागायचं मनात होतं, पण तो एवढा अवघडून बसला होता की मीच अवघडले. शेवटी मी चष्मा काढून त्याच्यासमोर ठेवला. त्याने खिशातून बोटाएवढा पेचकस काढला, डावी काडी घट्ट केली, काचा पुसल्या आणि परत दिला. आमचं मिटलं. तरी सांगून ठेवते, तो मला अजून पूर्ण पसंत नाही. बिस्किटं मोजून दोनच खाल्ली. एवढा संयम असलेल्या माणसाच्या मनात काय असेल, सांगता येत नाही.

तो गेल्यावर दार लावलं आणि रेकॉर्ड लावली. तुझ्यासाठी लिहितेय, तेव्हा क्रमाने सांगते.

आधी सूर. या वेळी उतरलेला नाही, जिथे असायचा तिथेच. मी हातात बशी घेऊन बसले होते, आणि इतक्या वर्षांनी खुर्चीतून अर्धी उठले. बशी वाचली.

मग तुझा ड्रमवाला. पूर्वी मला वाटायचं तो खण घेऊन एकदाच निघतो आणि घसरतो. तसं नाही. तो आधी वरच्या पायरीवर एकेक चमचा तपासतो, तुझ्या त्या पितळी थाळ्यांवर नख घासल्यासारखा. बारीक, चिडका आवाज, आपली मोलकरीण रागात भांडी लावायची तसा. जो तुला सगळ्यात आधी ऐकू यायचा बंद झाला, तो हा आवाज. आहे अजून. मग घसरतो. थांबतो. तू याला खूप मोठा विचारवंत समजतोस, पण मला वाटतं त्याचा पाय मुरगळलाय आणि तो कुणी बघितलं का ते बघतोय.

बास कूस बदलतो. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा उसासाही टाकतो. वाजवणाऱ्याचा की वाद्याचा ते कळत नाही.

सॅक्सोफोन बाकावर उभा. त्याचा तो सूर मध्ये एकदा किंचित डगमगतो, शिक्षा झालेल्या मुलीने एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घ्यावा तसा. माझ्या ते पूर्वी लक्षात आलं नव्हतं. मी स्वतः त्या बाकावर पुष्कळदा उभी राहिलेय, तेव्हा यायला हवं होतं. मग रडतो. त्याचं वर्णन मी करणार नाही. तुझ्या घरात पिठाच्या डब्यामागचं पत्रही कुणीही वाचतं.

रडून झाल्यावर बाजू संपते असं मी समजत होते. पूर्वी तोवर मी उठून आत गेलेली असायचे. संपत नाही. तिथे एक श्वास आहे. सॅक्सोफोनवाला वाद्य ओठांपासून जरा बाजूला घेतो आणि आत श्वास ओढतो, एवढंच. धाकट्या, मी जन्मभर लोकांचे श्वास ऐकलेत. फोन ठेवण्याआधीचा वेगळा, खोटं बोलण्याआधीचा वेगळा. हा काहीतरी सांगण्याआधीचा श्वास आहे. मी पदर सावरून, पुढे वाकून वाट बघत बसले, आता बोलेल, आता बोलेल. आणि तो बोलत नाही. सुई आपली रिकाम्या रेघेत खरखरत फिरत राहते.

काय राग आला म्हणून सांगू मला.

तुझी,
ताई